थोटकाचा इतिहास

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात विडीसाठी तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १ जूनला, ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी, काडी न लावता ओढायची सिगारेट. सिंदेवाहीच्या बातमीने पूर्व विदर्भ हळहळला. ब्रिटनची बातमी इकडे फारशी कुणाच्या कानावरही आली नाही. तरी दोन्ही बातम्या एकाच धंद्यातल्या आहेत. माणसाला निकोटिनची तलफ येते, ती भागवायला कसलं तरी वेष्टण लागतं आणि तलफ भागली की वेष्टण फेकलं जातं. सव्वाशे वर्षं या वेष्टणाचा मोठा वाटा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, आणि त्यापलीकडच्या जंगलांनी पुरवला. तंबाखूचा इतिहास शेतकऱ्याच्या, कारखानदाराच्या किंवा डॉक्टरच्या बाजूने पुष्कळांनी लिहिला आहे. फेकलेल्या थोटकाच्या बाजूने तो कुणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून अजून ओळखला जातो, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. त्या दुष्काळात गाव सोडलेली काही गुजराती कुटुंबं रेल्वेच्या कामांच्या मागे गोंदिया-जबलपूरच्या पट्ट्यात आली. पानात तंबाखू गुंडाळून ओढायची रीत त्यांना ठाऊक होती. इथल्या जंगलात त्यांना तेंदू सापडला. या झाडाचं कोवळं पान चिवट असतं, वाळलं तरी ओलं केल्यावर पुन्हा वळतं, चिरत नाही आणि हळूहळू जळतं. शिवाय झाड छाटलं की नवे फुटवे येतात आणि त्या फुटव्यांची पानं आणखी चांगली निघतात. विडीला याहून सोयीचं वेष्टण पुढे कुणाला सापडलं नाही. नागपूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे होतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्यापर्यंत छोटी लाइन आली आणि जंगलातलं पान वॅगनीत भरून बाहेर काढणं सोपं झालं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच चांद्याचा भाग होता.

१९०५ नंतरच्या स्वदेशीने विडीला नशीब दिलं. विलायती सिगारेट ओढणं हळूहळू लाजिरवाणं ठरू लागलं, मग विडी आली. तंबाखूविरोधी चळवळवाल्यांना ही गोष्ट अवघड वाटते, पण ती खरी आहे: विडीच्या भरभराटीत राष्ट्रभक्तीचाही हात होता. गोंदिया, तिरोडा, भंडारा, कामठी या भागांत कारखाने उभे राहिले. गोंदियाचे मनोहरभाई पटेल याच धंद्यावर मोठे झाले आणि पुढे त्यांनी त्या भागात शाळा-महाविद्यालयं काढली. कारखाना म्हणायचं, पण प्रत्यक्षात काम घराच्या ओसरीवर चालायचं. मांडीवर सूप, सुपात जर्दा, हातात कात्री आणि पान कापायचा फर्मा. बाई पान कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, वळते, तोंड दुमडते आणि दोरा गुंडाळते. संध्याकाळी माल मोजून घेताना कारखान्याचा माणूस ‘छाट’ काढतो. बाद ठरवलेल्या विडीची मजुरी नाही. या छाटीवरून विडी कामगारांच्या कितीतरी लढाया झाल्या. १९६६ मध्ये केंद्राने विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्याच्या मागे हेच खदखदणं होतं.

आता थोटकाकडे येऊ. विडीला फिल्टर नसतो. ओढून उरतं ते बोटाच्या पेराएवढं पान, थोडी राख आणि सुताचा तुकडा. पावसाळ्याच्या आत त्याची माती होते. सिगारेटचं थोटूक तसं नाही. तिचा फिल्टर कापसासारखा दिसतो, पण तो सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. एवढ्यावरून विडीला पर्यावरणस्नेही ठरवायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना सांगितलं पाहिजे की विडी नीट जळत नाही, सारखी ओढावी लागते, आणि तिच्या धुरातलं डांबर व कार्बन मोनॉक्साइड ओढणाऱ्याच्या छातीत जातं. विडीने जमीन नासत नाही. नासतं ते फुप्फुस. तरी हिशेबात दोन्ही रकाने हवेत. थोटकाचा रकाना पहिल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कोरा राहिला, कारण तिथे लिहायला काही उरतच नव्हतं.

तेंदूच्या पानाचा खरा हिशेब जंगलात होता आणि तो कधीच साधा नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी, एप्रिलच्या शेवटापासून तोडणी, पहिल्या पावसाआधी सगळं संपलं पाहिजे. पहाटे जंगलात जायचं, दुपारपर्यंत पानं आणायची, घरातल्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पान गोळा करायच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांचं एक गोणपाट. फळीवर पुडे उन्हात वाळतात, उलटे-पालटे होतात, मग गोदामात जातात. या महिन्या-दीड महिन्याच्या मजुरीवर खरिपाचं बियाणं येतं, लग्नं होतात, उधारी फिटते. १९६९ मध्ये राज्याने वनोपज व्यापाराचा कायदा करून तेंदूचा व्यापार आपल्या हातात घेतला. युनिट पाडून लिलाव होऊ लागले. खासगी ठेकेदार मात्र गेले नाहीत. ते आता सरकारी लिलावाच्या दारातून आत आले.

१९८० च्या आसपास नक्षलवादी प्राणहिता ओलांडून गडचिरोलीत आले. गावांत पाय रोवायला त्यांनी जे पहिले प्रश्न हाती घेतले त्यांत तेंदूची मजुरी होती. पुड्याचा दर वाढला, हे नाकारता येत नाही. पुढे ठेकेदारांकडून वसुली हे त्यांच्याच खजिन्याचं मोठं साधन झालं, हेही नाकारता येत नाही. तेंदूच्या हंगामात गडचिरोलीत पैसा फिरतो आणि तो नेमका कोणाकोणाच्या हातून फिरतो याचा पोलिसांना, नक्षलवाद्यांना आणि ठेकेदारांना सारखाच अंदाज असायचा. नव्हता तो फक्त पान तोडणाऱ्याला.

ते बदललं कायद्याने. १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, मग २००६ चा वनहक्क कायदा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढच्या काही वर्षांत गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. ठेकेदार आता ग्रामसभेपुढे बसून दर सांगतो. रॉयल्टी गावाच्या खात्यात येते. कधी ठेकेदार पैसे बुडवतो, कधी ग्रामसभेतच भांडण होतं, पण पुडा कोणाचा या प्रश्नाचं उत्तर आता स्पष्ट आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची. २०१२ मध्ये या गावाला हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला रोजगार मिळू लागला. मग तेंदूचा विचार निघाला. पैसा तर सरळ दिसत होता. ग्रामसभेने चर्चा करून ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. कारणं साधी होती. चांगलं पान यावं म्हणून झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही, आणि ही फळं, टेंभरं, माणसंही खातात, पाखरंही खातात. शिवाय या पानाची शेवटी विडी होते आणि विडी माणसाला मारते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पाचगावच्या या निर्णयाबद्दल वारंवार लिहिलं. त्यात आदर्श गावाचं कौतुक आहेच, पण मला त्यातली हिशेबाची रीत महत्त्वाची वाटते. पाचगावने पुड्याची किंमत फळीवर थांबवली नाही. झाडाच्या बुंध्यापासून ओढणाऱ्याच्या छातीपर्यंत साखळी मोजली, आणि मग नको म्हटलं. जंगलाचा मालक ठरला होता, म्हणून हे शक्य झालं. बिनमालकाच्या जंगलात असा हिशेब कोणी मांडला असता?

तोवर गावात, बाजारात आणि पानठेल्यावर वेष्टण बदललेलं होतं. विडी मागे पडत होती आणि खर्रा पुढे येत होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि दोन्ही हातांनी जोर लावून घोटायचा. घोटता घोटता तो ओलसर, एकजीव होतो. मग त्याच पन्नीची पुरचुंडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात. दिवसभर त्यातून चिमूट चिमूट तोंडात जाते. शेतमजूर, मास्तर, कारकून, बायका, शाळेतली पोरं, कुणी सुटलं नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत निघाले, तर तोंडात तंबाखू धरणारे चोवीस टक्क्यांवर. गडचिरोलीत तर खर्रा हा पाहुणचाराचा भाग झालेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सोबतीने २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केलं, त्यात दारूच्या जोडीला तंबाखूही घेतला तो याचमुळे.

खर्ऱ्याचं थोटूक म्हणजे ती पन्नी. बसस्टँड, नाली, शाळेचं आवार, तलावाचा काठ, सगळीकडे चुरगळलेल्या छोट्या पन्न्या. ती कुजत नाही. तिला आतल्या मालाचा वास लागलेला असतो, आणि गुरं ती चघळतात. २०२४ च्या सुरुवातीला ताडोबाच्या बफरमध्ये, रामदेगीच्या परिसरात, पाणवठ्यावरून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेणाऱ्या वाघाची चित्रफीत देशभर फिरली आणि सगळे हळहळले. त्या बाटलीच्या मानाने पन्नी लहान असते आणि तिची चित्रफीत निघत नाही.

बंदीचा गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांना जेवढा अनुभव आहे तेवढा महाराष्ट्रात क्वचितच कुणाला असेल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. राज्यात २०१२ मध्ये गुटखा बंद झाला, पुढच्या वर्षी त्या आदेशात खर्रा आणि मावाही आले. २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, म्हणजे कागदावर खर्रा दोनदा बंद झाला, एकदा आतल्या मालासाठी आणि एकदा पन्नीसाठी. पानठेल्यावर तो मिळतोच. पण बंदीचा एक भाग मात्र नीट पार पडायचा, जप्त मालाचा नाश. चंद्रपूरच्या दारूबंदीच्या काळात जप्त बाटल्या मैदानात ओळीने मांडून त्यांच्यावर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येत. काच फुटायची, दारू मातीत जिरायची, पंचनामा व्हायचा, प्रकरण मिटायचं.

आता ज्या वस्तूवर रोलर फिरवता येत नाही तिच्याकडे वळू.

२००३ मध्ये चीनमध्ये होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने आजच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा नमुना तयार केला. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि तो स्वतः भारी सिगारेटबाज होता. यंत्र म्हणाल तर सोपं आहे. एका नळीत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमध्ये विरघळवलेलं निकोटिन असतं. ते कापसाच्या वातीत शोषलं जातं. वातीभोवती तारेचं वेटोळं. माणसाने ओढलं की हवेच्या दाबाने एक छोटा संवेदक चालू होतो, बॅटरीतून वीज तारेत जाते, तार तापते आणि द्रवाची वाफ होते. आग नाही, राख नाही, डांबर नाही. पहिली काही वर्षं ही यंत्रं पुन्हा चार्ज करायची आणि पुन्हा भरायची असत.

फेकायच्या व्हेपचा पूर आणला तो एका नियमाने. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्हेपमध्ये बदलून बसवायच्या, फळांच्या चवीच्या द्रवाच्या कुप्यांवर कारवाई सुरू केली, पण पूर्ण फेकून द्यायच्या व्हेपला त्यातून वगळलं. बाजार रात्रीतून तिकडे वळला. शेन्झेनच्या कारखान्यांतून रंगीबेरंगी, बोटभर लांबीच्या, आंबा-कलिंगडाच्या चवीच्या कांड्या निघू लागल्या. सहाशे झुरके, दोन मिलिलिटर द्रव, संपलं की कचऱ्यात. आणि आत काय? ५५० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा लिथियम-आयन सेल, मोबाइलमध्ये असतो त्याच जातीचा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा. तार एकदम तापवायला जोराचा प्रवाह लागतो, तो साध्या सेलला झेपत नाही, आणि लिथियम-आयन सेल एव्हाना इतका स्वस्त झाला होता की एकदा वापरून टाकणं परवडलं. चार्जिंगचं भोक ठेवण्यापेक्षा न ठेवणं स्वस्त.

भारतात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. अमेरिकी जूल कंपनी २०१९ मध्ये इथे यायच्या तयारीत होती. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुणांना फुप्फुसाचा विचित्र आजार होऊ लागल्याच्या बातम्या आल्या. तो आजार मुख्यतः गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई अॅसिटेटमुळे झाला, हे नंतर कळलं. पण १८ सप्टेंबर २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारमण यांनी पत्रकार परिषद घेतली आणि ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद करणारा अध्यादेश निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले, हेही नोंदवून ठेवायला हवं. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात ई-सिगारेट ओढणारे भारतीय ०.०२ टक्के होते. विडी ओढणारे ७.७ टक्के. ज्या देशात विडी आणि खर्रा सर्रास चालतो त्या देशात ही तत्परता पाहून हसू येतं. पण बंदी चूक होती असं मला वाटत नाही. पाचवी-सहावीतल्या पोरांच्या हाती आंब्याच्या चवीचं निकोटिन येण्याआधी दार लावलं हे बरंच झालं.

अध्यादेशानंतर तीन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर २०१९ ला, रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ते मिळालं जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, लिथियम-आयन बॅटरीसाठी. पुन्हा पुन्हा चार्ज होणारं जग घडवल्याबद्दल हा सन्मान होता. तीच बॅटरी पुढच्या दोन-तीन वर्षांत सहाशे झुरक्यांसाठी एकदा वापरून कचऱ्यात जायची होती.

ब्रिटनने हा कचरा मोजला. तिथल्या मटेरियल फोकस या संस्थेच्या मते २०२३ मध्ये आठवड्याला पन्नास लाख फेकायचे व्हेप टाकले जात होते. कचरागाड्यांत आणि कचराकेंद्रांत बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगी वर्षाला बाराशेच्या वर गेल्या. चेपला, चिरला किंवा आत शॉर्ट झाला की लिथियम-आयन सेल स्वतःच पेटतो, आणि त्यातल्या द्रवाच्या ज्वाळा पाण्याला सहज दाद देत नाहीत. त्याच वर्षाअखेर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि इतर संशोधकांनी फेकलेल्या व्हेपमधले सेल काढून प्रयोगशाळेत तपासले. साडेचारशेहून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही ते भक्कम होते, काही तर सातशेच्या पुढे गेले. म्हणजे वस्तूचं एक शतांशही आयुष्य न वापरता ती टाकली जात होती. त्यानंतर तिथल्या हौशी लोकांनी धमाल केली. एका अभियंत्याने शेकडो सेल जोडून घराला वीज पुरवली, दुसऱ्याने व्हेपमधल्या चिपवर एक छोटं संकेतस्थळ चालवून दाखवलं.

हे आकडे गडचिरोलीच्या चष्म्यातून वाचले तर काय दिसतं? ५५० मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे दोन वॅट-तास. अर्ध्या वॅटचा एलईडी त्यावर तीन तास सहज जळेल. पोराचा अभ्यास, बाळंतिणीच्या खोलीतला उजेड, रात्री गोठ्यात जायचं असेल तर तेवढं पुरतं. आणि रोज चार्ज केला तर तेच साडेचारशे रात्री. एक व्हेप फेकला म्हणजे भामरागडच्या एखाद्या घरातला वर्षभराहून जास्त काळचा उजेड फेकला.

सेल वाया न घालवण्याची विद्या इथे नवीन नाही. वीज पोहोचायला या जिल्ह्यांच्या आतल्या गावांनी कित्येक दशकं वाट पाहिली. १९७३ मध्ये हेमलकशाला सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पातसुद्धा पहिली अनेक वर्षं कंदिलावर निघाली. तोवर गावात विजेचं रूप एकच होतं: बॅटरीतला, म्हणजे टॉर्चमधला, जाड सेल. तो संपला की उन्हात ठेवायचे, थोडी धुगधुगी परत यायची. अगदी मेला की पोरं दगडाने फोडायची. आतली कार्बनची काळी कांडी भिंतीवर लिहायला चालायची. काळी भुकटी पानांच्या रसात कालवून शाळेची पाटी आणि फळा काळा करायची, ती तर मास्तरांनीच शिकवलेली रीत. जस्ताचं कवच भंगारवाला घ्यायचा. थोटूक म्हणावं असं फारसं काही उरायचं नाही. हा कोळसा-मँगनीजचा सेल होता, म्हणून हे निभावलं. त्याच हाताने दगड घालून लिथियमचा सेल फोडला तर पोराचा हात जाईल, डोळाही जाईल. जुनी विद्या इथे घातक ठरते, आणि हे कोणी शाळांमध्ये सांगितलेलं नाही.

आता बंदीच्या कायद्यातल्या फटीकडे येऊ. देशात २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. ज्याने बॅटरी बाजारात आणली त्याने ती परत गोळा करावी, तिच्यातला धातू परत मिळवावा, असा त्यांचा गाभा आहे. मोबाइल, लॅपटॉप, इलेक्ट्रिक स्कूटर, प्रत्येकासाठी असा जबाबदार कोणीतरी आहे. व्हेपसाठी नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो देशात आलेलाच नाही. प्रत्यक्षात येतो. २०२२ च्या सप्टेंबरात मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे ४८ कोटींचे चिनी व्हेप पकडले, हे एकच उदाहरण पुरे. मोठ्या शहरांत ते पान-सिगारेटच्या दुकानांत लपवून विकले जातात, आणि पुण्या-नागपूरला शिकायला गेलेली पोरं सुट्टीत घरी येतात तेव्हा बॅगेत काय आणतात ते आईबापांना कळेलच असं नाही. बंदीने विक्रेत्याला चोर केलं ते योग्यच. पण त्याबरोबर तिने उत्पादक नावाचा माणूसही पुसून टाकला, आणि कचऱ्याची जबाबदारी ज्याच्या गळ्यात घालायची तो गळाच उरला नाही.

जो व्हेप ओढून संपवतो त्याचीही गत तीच. २०१९ च्या कायद्यात ज्यांच्याकडे साठा होता त्यांना तो यादी करून जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची सोय होती, पण ती कायदा लागू होताना होती. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बजावलं की व्हेप कुठल्याही स्वरूपात जवळ बाळगणं म्हणजे कायदाभंग. आता संपलेला व्हेप हातात घेऊन कोण पोलीस ठाण्यात जाईल? तो नाल्यात जातो, घंटागाडीत जातो, रिसॉर्टच्या मागे जंगलात जातो. एप्रिल-मेमध्ये पानगळीच्या जंगलात तेंदू-साग-बांबूचा वाळका पाचोळा साचलेला असतो. तिथे चिरडलेला सेल पेटला तर काय होईल हे वनरक्षकाला विचारावं लागत नाही.

पकडलेल्या मालाचंही नीट ठरलेलं नाही. कायदा म्हणतो की जप्त साठ्याची विल्हेवाट फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे लावावी, म्हणजे शेवटी न्यायालयाच्या आदेशाने. दारूच्या बाटल्यांसाठी तेवढं पुरतं. हजारो लिथियम सेल असलेल्या खोक्यांसाठी पुरत नाही. मुद्देमालाच्या खोलीत हे खोके उन्हाळे काढतात, आणि नाश करायचा आदेश आला की रोलर, जाळणं किंवा पुरणं ही ओळखीची साधनं पुढे येतात. तिन्ही इथे चालत नाहीत.

पाचगावने तेंदूच्या पानाबाबत जे केलं तेच इथे करायला हवं: साखळी शेवटपर्यंत मोजायची आणि शेवटच्या कडीला मालक द्यायचा. राज्य सरकारने पोलीस, सीमाशुल्क आणि महानगरपालिकांना सांगावं की जप्त व्हेप आधी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत. तिथे प्रशिक्षित माणसांनी सेल वेगळे करून तपासावेत, चांगले निघतील ते दिव्यांसाठी वापरावेत आणि उरलेल्यांतून धातू काढावा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला आणि चंद्रपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हे काम अवघड नाही, आणि आयटीआयच्या मुलांना यातून हातचं कौशल्य मिळेल. दुसरं, ज्याला वापरलेला व्हेप परत द्यायचा आहे त्याने नाव न सांगता तो टाकावा अशी पेटी दवाखान्यात, महाविद्यालयात आणि नगरपरिषदेच्या दारात ठेवावी, आणि त्या पेटीतल्या वस्तूवरून कोणावर गुन्हा नोंदवू नये असं लेखी जाहीर करावं. खर्ऱ्याच्या पन्नीसाठी हे कोणी केलं नाही, म्हणून आज नाल्या तुंबल्या आहेत.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. अशी रंगीत कांडी घरात, अंगणात किंवा जंगलाच्या वाटेवर सापडली तर ती फोडू नका, उघडू नका, चार्ज करायचा प्रयत्न करू नका आणि घंटागाडीत टाकू नका. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या ई-कचरा संकलनात द्या. तिथे घेत नाहीत म्हणाले तर आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.